नववीतल्या मुलीसाठी चित्रकादंबऱ्या सुचवा: इतिहास, चरित्र, वाढतं वय

ऐरोलीची आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा नववीत गेली, सेमी-इंग्रजीत आहे. सारखी जपानी मांगा (चित्रकथा) वाचत असते, काही मैत्रिणींकडून आणून, उरलेली मोबाइलवर. चित्रं काढायचा नाद आहे, वह्यांची मागची पानं डोळ्यांनी आणि केसांनी भरलेली असतात. इतिहासाचं पुस्तक मात्र परीक्षा तोंडावर आल्याशिवाय उघडत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "कॉमिक्स बंद करा, खरी पुस्तकं द्या." घरातही तोच सूर आहे. मला ते पटत नाही, पण समोरच्याला पटवून द्यायला माझ्या हाताशी काही नाही.

इतिहासावर, खऱ्या माणसांच्या आयुष्यावर, या वयातल्या मुलांच्या मनात चालतं त्यावर चांगल्या चित्रकादंबऱ्या आहेत म्हणे. सुरुवात कुठून करू? कोणतं पुस्तक अजून थोडं थांबवावं? इंग्रजी तिला झेपेल का?

नौपाड्याच्या काकू

ताई, मांगा अजिबात बंद करू नका. पानावर नजर कशी फिरवायची, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडून गेलं ते मनात कसं जुळवायचं, हे तिला आधीच येतं. पुष्कळ मोठ्यांना ते जमत नाही. ते नुसते फुग्यांतले संवाद वाचून पान उलटतात आणि म्हणतात, यात वाचण्यासारखं काय आहे? मी हायस्कूलवर इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत मुलांना घेऊन बसते, त्यावरून सांगते.

पहिलं पुस्तक 'भीमायन' द्या, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं. नवयान प्रकाशनानं २०११ साली काढलंय. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची आहेत, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. या चित्रकारांनी चौकटी आखल्याच नाहीत. माणसांना खोक्यात कोंबलं की त्यांचा जीव घुसमटतो, असं त्यांचं म्हणणं. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर दिग्ना नावाची नक्षी काढतात, तिच्या पट्ट्यांनी पान विभागलं आहे. लेकीला फुगे नीट बघायला सांगा. साध्या, सोसणाऱ्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. ज्याच्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. आमच्याकडची मुलं आधी गोंधळतात. मग कुणीतरी नांगी ओळखतो आणि सगळे मागची पानं उलटून पुन्हा बघायला लागतात. पाठ्यपुस्तकातला धडा मागे उलटून वाचणारं मूल मला वर्गात क्वचितच भेटलं.

यात १९०१ सालचा प्रवास आहे. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. भिवा, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेब, आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतो, आणि जात कळल्यावर मागे सरकतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, वर मुलांनीच गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं असं ठरतं. डब्यात जेवण आहे, पण रात्रभर प्यायला पाणी नाही. दहा वर्षांच्या मुलाची ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावी लागत नाही. तुम्ही ऐरोलीतच राहता, तर पुस्तक झालं की सेक्टर १५ मधल्या डॉ. आंबेडकर स्मारकात तिला घेऊन जा.

त्यानंतर 'मार्च'. अमेरिकेतले नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांचं हे आत्मचरित्र, अँड्र्यू आयडिन यांच्या साथीनं लिहिलेलं, चित्रं नेट पॉवेल यांची. तीन भाग, २०१३ ते २०१६ मध्ये आले. तिसऱ्या भागाला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. शाळेतल्या बाईंना हे जरूर सांगा. लहानपणी शेतावर कोंबड्यांपुढे प्रवचन करणारा हा मुलगा नॅशव्हिलमध्ये कॉलेजात जातो, तिथे जेम्स लॉसन तरुणांची शिबिरं घेत असतात. मुलंमुली एकमेकांना मुद्दाम शिव्या देतात, ढकलतात, म्हणजे उद्या हॉटेलात फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसल्यावर कुणी मारलं तरी आपला हात उचलला जाऊ नये. हे लॉसन त्याआधी नागपुरात होते! १९५३ ते ५६ हिस्लॉप कॉलेजात. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे राहून केला. शाळेच्या पुस्तकात सत्याग्रह मिठापाशी संपतो, तो पुढे कुठवर गेला हे मुलांना इथे दिसतं.

आता थांबवायचं पुस्तक. हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या छळावरचं आर्ट स्पिगलमन यांचं 'माउस' फार मोठं काम आहे, १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. प्राणी दिसतात म्हणून लोक सहावी-सातवीतल्या मुलाला वाढदिवसाला देतात. तसं करू नका. आतमध्ये छळछावण्या आहेत आणि लेखकाच्या आईची आत्महत्याही आहे. दहावी झाल्यावर द्या, आणि तुम्हीही वाचा. सुरुवातीलाच लेखकाचे म्हातारे वडील व्यायामाची सायकल मारत जुनी हकिकत सांगतात आणि त्यांच्या हातावर छावणीचा नंबर गोंदलेला दिसतो. मुलगा विचारतो, वडील विषय बदलतात, चिडतात, पुन्हा सांगतात. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट मोलाची वाटते. इतिहास सांगणारा माणूस पानावर दिसतो. तो कुणाचा कोण, त्याला काय आठवतं, काय सांगायचं नाही, हे मुलं पारखायला शिकतात. प्रश्नोत्तरं पाठ करून हे कधी येत नाही.

इंग्रजीची काळजी सोडा. आधी नुसती चित्रं बघत एकदा पुस्तक पालथं घालू दे, शब्द दुसऱ्या खेपेला.

वाशीचा बाबा

काकू, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडा विरोध करतो. आम्ही अमर चित्रकथेवर वाढलो, मराठीत यायच्या. मजा आली, पण प्रत्येक राजा गोरा-देखणा आणि प्रत्येक शत्रू राक्षसासारखा, ही चित्रं डोक्यातून जाता जात नाहीत. चित्र मनात पक्कं बसतं हाच धोका. शब्दांतून वाचलं तर मूल स्वतः कल्पना करतं.

नौपाड्याच्या काकू

तुमचा मुद्दा खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. अनंत पै यांनी १९६७ साली ती मालिका सुरू केली, तेव्हा बत्तीस पानांत एक आयुष्य बसवायचं होतं. जन्म, पराक्रम, शेवट. शंकेला जागाच नव्हती. म्हणून तर पौगंडावस्थेत वेगळी चित्रं समोर यायला हवीत. 'पर्सेपोलिस' घ्या. मर्जान सत्रापी इराणमध्ये इस्लामी क्रांतीच्या काळात वाढल्या, त्यांची ही स्वतःची गोष्ट. पहिल्याच पानावर वर्गाचा फोटो, हिजाब घातलेल्या मुली रांगेत, आणि ती स्वतः एवढ्या कडेला की चौकटीत जवळजवळ दिसतच नाही. नुसतं काळं-पांढरं, देखणेपणा शून्य. ती मुलगी आज क्रांतीच्या घोषणा देते, उद्या पाश्चात्त्य गायिकेचं चोरून आणलेलं पोस्टर भिंतीला लावते. नायकही नाही, खलनायकही नाही. तुरुंगातल्या छळाचे प्रसंग आहेत, तेवढे सोबत बसून वाचावेत. चित्र मनात पक्कं बसणारच आहे, तर ते असं बसू दे.

कळव्याची पेन्सिल

काकूंना +१. मी अप्लाइड आर्टला आहे, चित्रांच्या बाजूनं दोन नावं.

'एल डेफो', सीसी बेल, २०१४. चौथ्या वर्षी मेंदूज्वरानं ऐकू येणं गेलेल्या मुलीची स्वतःची गोष्ट, सगळी पात्रं ससे. तिच्या श्रवणयंत्राची बॅटरी उतरायला लागली की फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात. फुगा तेवढाच, अक्षरं पुसट. बहिरेपण असं कागदावर आणता येतं हे बघून मी कितीतरी वेळ त्या पानावरच होते. ताई, चित्रं काढणाऱ्या मुलीला हे आधी द्या, 'भीमायन'च्याही आधी. इंग्रजीही सोपं आहे.

दुसरं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', ओरिजित सेन, १९९४. नर्मदेवरचं धरण, आदिवासी, आंदोलन. भारतातली पहिली चित्रकादंबरी बहुतेक जण हिलाच म्हणतात.

नवी पुस्तकं महाग पडतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर चक्कर मारा, कधी कधी हाती लागतात. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. आपण सभासदांनी अशा पुस्तकांची मागणी लेखी द्यायला हवी, मागणीच नसेल तर कुठलं ग्रंथालय आणेल?

आणि तिला वाचायला देता तसं काढायलाही द्या. घरात कुणी जुनं माणूस आहे का?

ऐरोलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला, हे म्हणाले 'भीमायन' आधी मीच वाचतो.

पेन्सिल, माझे वडील आहेत आमच्याकडे. लालबागच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणी परत धड सुरू झालीच नाही, मग कळव्याला येऊन मिळेल ते काम केलं. लेकीला यातलं "आजोबा गिरणीत होते" एवढंच माहीत आहे. ते स्वतःहून बोलत नाहीत. कसं सुरू करायचं?

कळव्याची पेन्सिल

संपाबद्दल आधी विचारू नका. वस्तूंबद्दल विचारा. पाळीला जाताना डब्यात काय असायचं, साचा केवढा होता, त्याचा आवाज कसा, भोंगा वाजला की चाळीत काय व्हायचं. तिच्या हातात पेन्सिल असू दे, ते सांगतील तसं काढू दे. चुकीचं काढलं की आजोबा "तसं नाही गं" म्हणून स्वतः कागद ओढतील, तेव्हा त्यांनाच काढू द्या. साच्यातली धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याची) जागा त्यांच्याइतकी आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही.

पहिलं एकच पान करा, सहा चौकटी, एका पाळीची गोष्ट. संवाद आजोबांच्या तोंडचे, जसेच्या तसे, शुद्ध करत बसू नका. ते गप्प राहिले तर गप्प बसलेले आजोबाही एका चौकटीत येऊ देत. झालं की इथे टाका, फोटो खिडकीच्या उजेडात काढा, पेन्सिलीच्या रेघा फ्लॅशमध्ये उडतात.

नौपाड्याच्या काकू

ताई, आजोबांना चालत असेल तर एका शनिवारी दोघांना घेऊन या. संपाचं साल मी वर्गात फळ्यावर लिहायचे. साचेखात्यातला माणूस माझ्या मुलांनी अजून पाहिलेला नाही.