मदत हवी आहे: अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांसाठी नेमके शब्द (तातडीचं)

रानजाई
ठिपके, डाग, पट्टे हे माहीत आहेत, ते सांगू नका. अंगावर काळं-पांढरं असतं त्याचं नेमकं वर्णन करायला मराठीत आणखी काय शब्द आहेत? 'ठिपकेदार' तर अजिबात नको, त्याच शब्दाने मागच्या वर्षी नुकसान झालंय. उद्या सकाळी अकराच्या आत हवंय.

पाऊसवेडी
कोणाच्या अंगावर? वय किती? खाज येते का? पांढरे डाग पसरत असतील तर कोड असू शकतं. छाती-पाठीवर फिकट ठिपके आणि खरवडल्यावर बारीक कोंडा निघत असेल तर शिबं. गालांवर तपकिरी झाक म्हणजे वांग. डोक्यावर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली तर चाई. माझ्या आईने शिबं आली तेव्हा ते कोड समजून दोन वर्षं अंग झाकून काढली. बुरशीच्या साध्या मलमाने बरी झाली, रंग भरून यायला तेवढे काही महिने लागले. घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

बांधावरून
पानावरचे डाग असतील तर पीक सांगा. आपल्या लोकांनी रोगांची नावं दिसण्यावरूनच पाडलीत. पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ती भुरी, गंज चढल्यासारखा तो तांबेरा, डाळिंबावर तेलकट डाग पडतो तो तेल्या, भुईमुगाच्या पानावर गोल टिकल्या दिसतात तो टिक्का. शेवटची फवारणी कधी केलीत?

रानजाई
गाय आहे हो! विम्याच्या अर्जात 'रंग व ओळखीच्या खुणा' असा रकाना आहे. मागच्या वर्षी आमची एक गाय गेली. कुंपणात कान अडकून टॅग आधीच तुटून पडला होता. अर्जात लिहिलेलं 'काळी-पांढरी, ठिपकेदार'. गोठ्यातल्या दुसरीचंही तेच लिहिलेलं. मेलेली कुठली ते पटत नाही म्हणून पैसे नाकारले. वडील आठ दिवस नीट जेवले नाहीत. उद्या डॉक्टर नव्या गायीला टॅग मारायला येणार आहेत.

जुनी वही
आधीच सांगितलं असतं तर. आमच्याकडे मोठमोठे चट्टे असतील तर बांडी. काळ्या-तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असतील तर कवडी. सगळं एकमेकांत मिसळलेलं असेल, कुठला रंग कुठे संपतो ते कळत नसेल, तर काबरी. कपाळावर पांढरं असेल तर चांद.

खडकवाट
बांडी म्हणजे शेपूट तुटलेली! आमच्या भागात बांडा बैल बाजारात त्यामुळेच कमी किमतीला जातो. असं अर्जात लिहिलंत तर नवीन भानगड होईल.

जुनी वही
तुमच्या भागात असेल. आमच्या आजोबांचा बांडा बैल शेपटीने धडधाकट होता, पाठीवर पांढरा पट्टा होता म्हणून बांडा.

कोकणकडा
कवडीचं मात्र बरोबर आहे. काळापांढरा खंड्या पाहिलाय ना, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो तो? तो कवड्या धीवर. कवड्या सापही त्यातलाच, बिनविषारी आहे आणि मण्यार समजून लोक मारतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात नि शेपटीकडे विरत जातात, मण्यारचं उलटं. तरी जवळ जाऊन खात्री करू नका, सर्पमित्राला बोलवा.

रानजाई
दादा, साप नको आत्ता.

उदगीरकडचा
ताई, पुढच्या वेळी देवणी जातीचीच गाय घ्या. आमच्याकडे अंगावरच्या रंगालाच नाव असतं. पांढऱ्या अंगावर कुठेही काळे ठिपके विखुरले असतील तर शेवरा, अंग पांढरं नि तोंडाचा काही भाग काळा असेल तर वानेरा, पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर बालंक्या. एका शब्दात जनावर डोळ्यांसमोर उभं राहतं.

बांधावरून
दुधाचं काय? ही काळी-पांढरी विदेशी जात, होलस्टिन, तिची संकरित किती देते नि देवणी किती?

उदगीरकडचा
औषधपाण्याचा खर्चही धरा मग.

गोठ्यातली माणसं
दोघांनी वेगळा धागा काढा. रानजाई, मी बरेच असे अर्ज भरून दिलेत. बांडी, कवडी घरात बोला, अर्जात लिहू नका. वरच बघा, दोन गावांत दोन अर्थ निघाले. अर्जात जागा आणि आकार लिहा. डाग अवयवाला बांधून टाका: वशिंड, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), फरा (पुढच्या पायाचा खांदा), पुठ्ठा (मागचा ढुंगणाचा भाग), कास, शेपटीचा गोंडा. मोठा तो चट्टा, नाण्याएवढा तो ठिपका, बारीक उडाल्यासारखे ते शिंतोडे. कडा सरळ आहे की करवती, तेही. होलस्टिनच्या अंगावरची नक्षी जन्मभर तीच राहते, म्हणून याचा उपयोग होतो. कानातल्या टॅगचा बारा अंकी नंबर आणि डाव्या, उजव्या, समोरच्या बाजूचे फोटो लावा. टॅग पडला तरी फोटो राहतो.

रानजाई
गोठ्यात जाऊन बॅटरीच्या उजेडात लिहून आणलं. बघा:
'अंग काळं. कपाळावर पांढरा चांद, खाली नाकपुडीपर्यंत निमुळता. डाव्या फऱ्यावर तळहाताएवढा पांढरा चट्टा, कडा करवती. उजव्या पुठ्ठ्यावर तीन पांढरे ठिपके तिरक्या ओळीत. चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मागच्या उजव्या पायावर काळे शिंतोडे. कास पांढरी, पुढचा डावा सड काळा. शेपटीचा गोंडा पांढरा.'

जुनी वही
चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात. तुमची गाय जवळपास तशीच आहे की!

गोठ्यातली माणसं
छान. एकच विचारतो, डावी-उजवी गायीची धरलीत की समोर उभं राहून तुमची?

रानजाई
समोर उभी राहून लिहिलं. परत जाते.