मंगोलियातलं पशुपालन जवळून बघायचंय, कोणता सूम निवडू?

माणदेशी_वैद्य:
मी पशुवैद्यक आहे. माण-खटावकडच्या धनगर वाड्यांवर काम असतं. पुढच्या वर्षी मंगोलियाला जायचं ठरतंय. पुतळे-संग्रहालयं नकोत. एकाच सूममध्ये (आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय भाग) मुक्काम करून तिथल्या मेंढपाळांचा संसार कसा चालतो ते बघायचंय. कुठे जाऊ, कधी जाऊ?

उत्तरवाट:
ताई, डोळे झाकून आर्खांगाई प्रांतातला तारियात सूम निवडा. उलानबातारहून पश्चिमेला, त्सेत्सेर्लेग या प्रांताच्या मुख्य गावावरून पुढे. अंतर मोठं आहे, वाटेत एक मुक्काम धराच. खोर्गो ज्वालामुखीच्या लाव्ह्याने नदी अडून तिथे तेर्खीन त्सागान हे सरोवर झालंय. उंची २,००० मीटरच्या वर, त्यामुळे याक भरपूर. याक आणि गायीचा संकर, हाइनाग, तुम्हाला नक्की आवडेल. त्याचे नर वांझ असतात, माद्या मात्र गाभण राहतात.

जुलैत जा. धारा काढायचा तोच हंगाम. आधी वासरू लावतात, पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधतात. दूध मंद आचेवर तापवून पळीने उंचावरून ओतत राहतात, फेस आला की रात्रभर ठेवतात. सकाळी जाड साय अर्धी दुमडून उचलतात, तिला ऊरूम म्हणतात. उरलेल्या दुधाचं आरूल (चक्क्याचे सुके तुकडे) करून गेरच्या, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूच्या, छपरावर वाळत घालतात.

गवताळ:
जुलै सुंदर, पण पैसा बघायचा तर एप्रिल-मे. शेळी आडवी पाडून, पाय बांधून लोखंडी फणीने काश्मिरी लोकर विंचरतात. एका शेळीमागे जेमतेम पाव किलोच्या आसपास मिळते. बहुतेक घरांत वर्षाची मोठी रोकड तेव्हाच येते. बँकेचं कर्ज आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यातूनच भागतो. वारा-धूळ मात्र सोसावी लागेल, आणि जनावरं तेव्हा हाडांवर आलेली असतात. वैद्य म्हणून तुम्ही नेमकं तेच बघायला हवं असं मला वाटतं.

उत्तरवाट:
हे पटलं. आणि तिथली जनावरं इतकी का वाढली ते समजून घेऊनच जा. १९२९ ते ३२ मध्ये सरकार सक्तीने कळप एकत्र करायला निघालं, तेव्हा १९३२ ला आर्खांगाईसह पश्चिमेत उठाव झाला. १९५० च्या दशकाअखेर मात्र नेगदेल म्हणजे सहकारी संस्था रुजल्या. पशुवैद्य, हिवाळ्याचा चारा, लोकर खरेदी, सगळं या संस्थाच बघत. १९९० नंतर त्या मोडल्या, जनावरं वाटली गेली, नोकऱ्या गेलेले लोकही कळपाकडे वळले. १९९० मध्ये देशात सुमारे २.६ कोटी जनावरं होती, २०१९ मध्ये ७ कोटी. कुरण सरकारी मालकीचं आणि चराई सर्वांची, मग कमी कोण करणार? त्यात झुद, म्हणजे बर्फाने चारा झाकणारा कडक हिवाळा. २०२३-२४ च्या झुदमध्ये ७० लाखांहून जास्त जनावरं दगावली.

माणदेशी_वैद्य:
मग मेच ठरवते. राहायची सोय?

गवताळ:
सूमच्या गावात वसतिगृहाची शाळा, दवाखाना, बँक आणि सरकारी पशुवैद्य असतो. आधी त्यालाच भेटा, दुभाषी सोबत हवा. कुठल्या घरी सध्या लोकर काढणं चाललंय हे त्याला माहीत असतं. जाड स्वेटर घेऊन जा, मेमध्येही तिथे बर्फ पडतो.