रतीबाच्या हिशोबाचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकायचंय: आधी काय, नंतर काय?

घागरमाळ विचारतात:

गवळ्यांसाठी रतीबाचा हिशोब ठेवणारं अँड्रॉइड अ‍ॅप कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत तयार आहे. गिऱ्हाइकांची यादी, रोजचं दूध, खाडे, महिनाअखेरचं बिल, बाकी आणि जमा. डेटा सगळा फोनमध्येच, रूम ही डेटाबेसची लायब्ररी वापरून. सर्व्हर नाही, लॉगिन नाही. वापरणारे म्हणजे ६० ते १५० घरं करणारे गवळी.

प्ले कन्सोलचं (स्टोअरवर अ‍ॅप चढवायची गुगलची साइट) वैयक्तिक खातं नुकतंच २५ डॉलर भरून काढलंय, पण प्रॉडक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, अ‍ॅप टाकताच येत नाही. ते का? नाव मराठी ठेवावं की इंग्रजी? जाहिरातीसाठी १०,००० रुपये बाजूला आहेत, ते पहिल्याच दिवशी गुगल अ‍ॅड्समध्ये घालावेत का? आणि असली अ‍ॅपं लोक हौसेनं टाकतात नि आठवड्यात काढतात, ते नेमकं कशामुळे?

---

आडवा_कंस:

प्रॉडक्शन बंद असणारच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) करावी लागते, किमान १२ जण, सलग १४ दिवस. आधी २० जण लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. इंटर्नल टेस्टिंगचे (त्याआधीच्या, जवळच्या माणसांपुरत्या चाचणीचे) दिवस यात धरत नाहीत, आणि बरेच जण तिथेच दोन आठवडे घालवून बसतात.

यादीत ईमेल घातला म्हणजे माणूस मोजला गेला असं नाही. त्यानं लिंक उघडून टेस्टर व्हायला होकार द्यायचा आणि त्याच जीमेलवरून अ‍ॅप उतरवायचं. गवळ्याच्या फोनमध्ये जीमेल बहुधा दुकानदारानं किंवा पोरानं काढून दिलेलं असतं, त्याला पत्ता माहीत नसतो. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा, खरा पत्ता तिथे दिसतो. १२ वर थांबू नका, १८-२० जण घ्या. दहाव्या दिवशी एकजण बाहेर पडला तर सलगपणा मोडायला नको.

पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे गट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. चौदा दिवसांनंतर प्रॉडक्शनसाठी अर्ज करताना विचारतात की टेस्टर कुठून आणले, ते काय म्हणाले, तुम्ही काय बदललं. उत्तर पोकळ असेल तर पुन्हा टेस्टिंग करायला लावतात. मधल्या काळात निदान दोन अपडेट टाका आणि काय दुरुस्त केलं ते लिहून ठेवा.

पॅकेजचं नाव (कोडमधली अ‍ॅपची ओळख) एकदा गेलं की जन्मभर तेच राहतं, विचार करून ठेवा. फाइल एपीके नाही, अ‍ॅप बंडल लागते. टार्गेट एपीआय (अँड्रॉइडची कुठली आवृत्ती धरून अ‍ॅप बनवलं तो क्रमांक) ३५ किंवा पुढचा, हा नियम ३१ ऑगस्ट २०२५ पासूनचा आहे. अपलोड की (अ‍ॅपवर सही करायची डिजिटल किल्ली) हरवली तर गुगलकडून नवी करून घेता येते, पण त्यात दिवस जातात, म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर असू द्या.

परवानग्यांमध्ये हात आखडता ठेवा. गिऱ्हाइकाचा नंबर घ्यायला अख्खी संपर्कयादी मागू नका. सिस्टिमचा संपर्क-पिकर उघडा, एकच संपर्क निवडून घ्यायला परवानगीच लागत नाही. एसएमएसची परवानगी तर अजिबात नको, अ‍ॅप अडकेल. मजकूर भरून मेसेजचं अ‍ॅप उघडून द्या, पाठवायचं बटण माणूस दाबेल. प्रायव्हसी पॉलिसीची लिंक मात्र काहीही गोळा करत नसलात तरी लागते. डेटा सेफ्टीच्या फॉर्ममध्ये 'काही गोळा करत नाही' लिहून नंतर क्रॅशची माहिती पाठवणारं क्रॅशलिटिक्स जोडलं तर तो फॉर्म खोटा ठरतो, हेही ध्यानात असू द्या.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. वैयक्तिक खात्यावर तुमचं कायदेशीर नाव आणि देश सगळ्यांना दिसतो. प्लेवरून पैसे कमवायला लागलात की घरचा पूर्ण पत्तासुद्धा.

---

शून्य_शिल्लक:

मला कन्सोलपेक्षा हिशोबाची काळजी वाटते. लोक अ‍ॅप का काढतात विचारलंत ना, तर बहुतेक वेळा पहिलं बिल चुकतं म्हणून, किंवा पहिलं बिल निघायच्या आधीच नोंदी करून बोटं दुखतात म्हणून.

गिऱ्हाइकाच्या नोंदीत 'भाव' असा एकच रकाना असेल तर आत्ताच मोडा. भाव महिन्याच्या मधेच वाढतो. जून घ्या: रोज १ लिटर, भाव ६० रुपये, ११ तारखेपासून ६२, आणि २० व २१ ला खाडा. बरोबर बिल १० × ६० + १८ × ६२ = १,७१६ रुपये. भाव नुसता खोडून नवा लिहिला तर अ‍ॅप २८ × ६२ = १,७३६ दाखवतं. वीस रुपये जास्त, तेही ऐंशी घरांना, आणि प्रत्येक दारात उत्तर द्यायचं गवळ्यानं. भावाचं वेगळं टेबल करा, त्यात गिऱ्हाईक, गाय की म्हैस, भाव, कुठल्या तारखेपासून. बिल पाठवून झालं की त्यातले आकडे गोठवा, म्हणजे भाव मागाहून दुरुस्त केला तरी मागचं बिल हलणार नाही.

पैसे पैशांत आणि दूध मिलिलिटरमध्ये, दोन्ही पूर्णांकात साठवा. रुपयांत गोळाबेरीज फक्त बिलाच्या शेवटच्या ओळीत. माप टाकायला कीबोर्ड देऊच नका. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन अशी मोठी बटणं द्या, पहाटे पाचला एका हातात किटली असते.

आणि रोजची नोंद मागूच नका. ऐंशी घरं म्हणजे रोज ऐंशी वेळा बोट टेकवणं, चौथ्या दिवशी माणूस वहीकडे परत जातो. नोंद नाही म्हणजे नेहमीचं माप, असं धरा. लिहायचा तो फक्त खाडा आणि जादा. 'गावाला गेलेत, १४ ते १९' हे एकाच नोंदीत झालं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ घेणारी घरं असतात, त्यांचा संध्याकाळचाच खाडा टाकता आला पाहिजे.

आता मराठीचा खास खड्डा. फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइड आकडे देवनागरीत देतं. हिंदीत तसं होत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासून सोडलेल्या अ‍ॅपांत हे कुणाला सापडत नाही. लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) न सांगता तारखेचं फॉरमॅटिंग करून ती डेटाबेसमध्ये टाकलीत की तिथे २०२५-०६-०१ असं देवनागरीत जाऊन बसतं. एसक्यूलाइटच्या (रूमच्या खालचा डेटाबेस) तारखेच्या फंक्शनांना ते कळत नाही, ती नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतात. जुन्या नोंदी इंग्रजी आकड्यांत आणि नव्या देवनागरीत असतील तर महिन्याच्या क्वेरीत अर्धा महिना गायब होतो. त्यात गंमत अशी की पूर्णांकासाठीचं कोटलिनचं टू-इंट देवनागरी आकडा बिनतक्रार वाचतं, अपूर्णांकासाठीचं टू-डबल मात्र तिथेच मान टाकतं. म्हणजे चाचणीत घराचा क्रमांक नीट चालतो आणि दीड लिटर टाकल्यावर अ‍ॅप बंद पडतं. साठवताना लोकेल.रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल), मराठी लोकेल फक्त पडद्यावर दाखवताना. तारीख तर सरळ दिवसांच्या पूर्णांकातच ठेवा, कटकट संपली.

अक्षरांसाठी 'सूर्यवंशी' हे नाव टाकून बघा. टेक्स्टव्ह्यूचं (मजकूर दाखवणाऱ्या चौकटीचं) फॉन्ट पॅडिंग, म्हणजे अक्षरांच्या वर-खालची मोकळी जागा, बंद केलं असेल तर वरचा रफार किंवा खालचा उकार कापलेला दिसेल. पीडीएफ बिल काढणार असाल तर लायब्ररी पारखून घ्या. काही लायब्ररी देवनागरी जुळवतच नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते नि 'किसन'चं वाचताच येत नाही असं काहीतरी होतं. अँड्रॉइडच्या स्वतःच्या पीडीएफ-डॉक्युमेंटच्या कॅनव्हासवर मजकूर काढला तर जोडाक्षरं नीट येतात.

---

घागरमाळ:

भावाचा रकाना एकच आहे, मोडतो. बिल सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून जातं, पण काही फोनवर बटण दाबलं तरी काहीच होत नाही. आणि बिलाखाली अ‍ॅपची लिंक टाकली तर जाहिरात आपोआप होईल ना?

---

पाटीवरचा_खडू:

काहीच होत नाही ते व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमुळे असेल. त्याचं पॅकेज वेगळं आहे. कोडमध्ये साध्या व्हॉट्सअ‍ॅपचंच नाव पक्कं लिहिलं असेल तर बिझनेसवाल्या फोनवर इंटेंटला (दुसरं अ‍ॅप उघडायच्या विनंतीला) कुणी वालीच नसतो, आणि धंदा करणाऱ्यांकडे बिझनेसच जास्त. अँड्रॉइड ११ पासून मॅनिफेस्टच्या (अ‍ॅपची माहिती सांगणारी फाइल) क्वेरीज या भागात दोन्ही पॅकेजं लिहावी लागतात, नाहीतर ती बसवलेली आहेत हेच अ‍ॅपला दिसत नाही. नंबरच्या आधी ९१ लावा, सुरुवातीचा शून्य आणि अधिकचं चिन्ह काढा. साधं मजकुराचं बिल ठेवा, पीडीएफ मागेल त्याला. अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिस (दुसऱ्या अ‍ॅपची बटणं आपोआप दाबू शकणारी सोय) वापरून ऐंशी बिलं आपोआप पाठवायची युक्ती कुणी सुचवली तर हात जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर गवळ्याचा नंबर बंद पडला तर त्याचा धंदाच थांबतो.

नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजल्या जातात. 'दूध हिशोब: रतीब व बिल' हे २१ होतं, बसतं. मात्र शोधताना बरेच लोक इंग्रजी अक्षरांत 'दूध हिसाब' टाइप करतात. म्हणून मराठी, हिंदी आणि भारतीय इंग्रजी अशा तीन वेगळ्या लिस्टिंग (स्टोअरमधली अ‍ॅपची पानं) करा, इंग्रजीतल्या नावात रोमन शब्द घाला. 'बेस्ट', 'फ्री', 'नंबर १' हे नावात चालत नाही, नियमातच बसत नाही. छोट्या वर्णनाची ८० अक्षरं खाडा, बाकी, बिल याच शब्दांवर खर्च करा. 'स्मार्ट डेअरी सोल्युशन' कुणी शोधत नाही. पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये खरं दिसणारं बिल दाखवा, लोगो आणि घोषवाक्य नको.

जाहिरातीबद्दल. गवळी नवी वही १ तारखेला काढतो. तुमचा प्रचाराचा हंगाम महिन्याच्या २५ ते पुढच्या ५ तारखेपर्यंत, मधल्या १९ दिवसांत कितीही ओरडलात तरी तो अर्धी वही सोडणार नाही. भेटायच्या जागा म्हणजे सरकी-पेंडेचं दुकान, संकलन केंद्र, गुरांचा दवाखाना. क्यूआरचा कागद लावून निघून येऊ नका, एकेकाजवळ बसून त्याची पहिली वीस गिऱ्हाइकं भरून द्या. ऐंशी नावं एकट्यानं भरायची म्हटलं की माणूस 'नंतर बघू' म्हणतो, आणि तो नंतर येत नाही. प्रत्येक जागेच्या लिंकला वेगळा यूटीएम सोर्स (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकमधली खूण) द्या, कुठल्या दुकानातून किती आले ते कन्सोलमध्ये दिसतं.

रेटिंग मागायचं तर इन-अ‍ॅप रिव्ह्यूनं (अ‍ॅपमध्येच उघडणारी गुगलची रेटिंगची खिडकी), दुसऱ्या महिन्याची बिलं पाठवून झाल्यावर. ते बटणाला जोडू नका. त्याला कोटा असतो, कधी खिडकी उघडतच नाही आणि बटण मेलेलं वाटतं.

---

आडवा_कंस:

बिलाखाली लिंक नको. पैसे मागणाऱ्या मेसेजमध्ये अनोळखी लिंक म्हटल्यावर लोकांना फसवणूकच वाटते, आणि संशय तुमच्यावर नाही, गवळ्यावर येतो. नुसतं अ‍ॅपचं नाव बारीक अक्षरात टाका, तेही बंद करता येईल असं. शिवाय बिल वाचणारं घर हे तुमचं गिऱ्हाईकच नाही.

१०,००० आत्ता गुगलला देऊ नका. इन्स्टॉलसाठीच्या अ‍ॅप कॅम्पेनला दिवसाचं बजेट एका इन्स्टॉलच्या ठरवलेल्या किमतीच्या निदान ५० पट असावं असं गुगलच सांगतं. किंमत १० रुपये धरली तर रोजचे ५००, म्हणजे वीस दिवसांत खेळ खलास. त्यातही गवळी किती आणि घरचं दूध मोजणारे किती, हे कळणार नाही. आधी ३०-४० गवळ्यांची दोन महिन्यांची बिलं निघू द्या. नंतर 'पहिलं बिल पाठवलं' हा इव्हेंट धरून कॅम्पेन लावा. त्यासाठी अ‍ॅनालिटिक्स जोडाल तेव्हा डेटा सेफ्टीचा फॉर्मही बदला.

अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडा, आधी १० टक्के. ३० आणि १ तारखेला काहीही सोडू नका. क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या आणि एएनआरचं (अ‍ॅप गोठून प्रतिसाद न देण्याचं) ०.४७ च्या वर गेलं की प्ले स्टोअर शोधात अ‍ॅप मागे ढकलू शकतं. तुमच्याकडे वापरणारे थोडे, तेव्हा एकाच जुन्या फोनवरचा क्रॅशही टक्केवारीत मोठा दिसेल.

---

शून्य_शिल्लक:

बॅकअपबद्दल कुणीच बोललं नाही. अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप आहे म्हणून निवांत राहू नका. तो २५ एमबीपर्यंतच घेतो, आणि फोन चार्जिंगला, वापरात नसताना आणि वाय-फायवर असेल तेव्हा होतो. मोबाइल डेटावर चालू करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती कोण शोधतो? गोठ्यात वाय-फाय नसतं, म्हणजे बॅकअप झालेलाच नसतो. आणि फोन पाण्याच्या बादलीत पडतो तो नेमका बिलांच्या आठवड्यात.

बिलं पाठवून झाली की त्याच पडद्यावर 'वहीची प्रत ठेवा' असं बटण द्या. सगळा डेटा एका फाइलमध्ये बांधून ती गवळ्याच्या स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर किंवा ड्राइव्हवर जाऊ द्या. आणि ती फाइल दुसऱ्या फोनवर उघडून, अ‍ॅप नव्यानं टाकून, बाकी पैशापैशाला जुळते का हे क्लोज्ड टेस्टिंगच्या त्या १४ दिवसांतच दोन वेळा करून बघा. एकदा मराठी भाषेच्या फोनवरून इंग्रजीच्या फोनवर, एकदा उलट.