वस्तू परत मिळतात, डोंगर का मिळत नाही?

माळरान: अमेरिकेत १९९० पासून ‘नॅगप्रा’ कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळनिवासींच्या अस्थी आणि पवित्र वस्तू त्यांच्या जमातींना परत द्यायच्या. जानेवारी २०२४ च्या नियमांनी पळवाटा बऱ्याच बुजवल्या: अस्थींच्या याद्या पाच वर्षांत नव्याने करा, जमातीच्या संमतीशिवाय काही मांडू नका. पवित्र जागांना असा आधार नाही. माझं मत, तिथेही धर्मस्वातंत्र्याऐवजी मालकीवर लढावं. न्यू मेक्सिकोतल्या झुनी जमातीने १९७८ पासून आहायुदा या लाकडी युद्धदेवतांसाठी एकच मुद्दा धरला: मूर्ती अख्ख्या जमातीची, कुणा एकाला ती विकताच येत नाही, म्हणजे ठाण्यावरून हललेली प्रत्येक मूर्ती चोरीची. शंभरावर परत आल्या.

सनद: जमिनीवर हाच मुद्दा उलटतो. १९८८ चा ‘जी-ओ रोड’ खटला बघा. कॅलिफोर्नियात युरोक, कारुक, टोलोवा या जमातींच्या उपासनेच्या डोंगरातून सहा मैलांचा रस्ता काढायचा होता. त्याने उपासना उद्ध्वस्त होऊ शकते हे धरून चालूनही न्यायालयाने ५-३ ने सरकारला कौल दिला, कारण जमीन सरकारची. मालकीवर बोलायला गेलात की सातबारा समोरच्याचाच निघतो. रस्ता झाला नाही, पण तो संसदेने ते जंगल राखीव केलं म्हणून.

कातळ: वस्तू ‘मिळतात’ हेही अर्धंच खरं. कीड लागू नये म्हणून संग्रहालयं पूर्वी आर्सेनिक, पारा वापरत. मुखवटा विधीत तोंडावर चढवायचा असतो, काचेआड ठेवायचा नसतो. ठाऊक असलेली फवारणी संग्रहालयाने कळवलीच पाहिजे असा नियम आहे, पण जुन्या नोंदीच नसतील तर कळवणार काय? आणि आहायुदा तर उघड्यावर, ऊन-पावसात झिजून मातीत जाण्यासाठीच असतात. परत देताना ‘नीट जपा’ अशी अट घालणं म्हणजे देवता अडवून ठेवणंच.

ओवी: कार्पेंटर, कात्याल आणि रायली या कायद्याच्या अभ्यासकांनी (रायली स्वतः पोटावाटोमी जमातीच्या) २००९ मध्ये मालकीऐवजी राखणदारीचा हक्क मांडला. आपल्याला तो परका वाटू नये. कित्येक देवरायांचा सातबारा महसूल किंवा वनखात्याच्या नावे असतो, तरी तिथे कुऱ्हाड लावायची नाही हे गाव ठरवतं.

सनद: ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटला ही राखणदारी कुठे पुरली? डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात कलम घुसवून अपाचींच्या प्रार्थनास्थळासह सुमारे २,४०० एकर तांब्याच्या खाणीला अदलाबदलीत द्यायचे ठरले. खनिज खालून काढत जातात, वरची जमीन खचते; खड्डा जवळपास दोन मैल रुंद होईल. मे २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपाचींचं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ठाणंच खचल्यावर राखायचं काय?

रानवाट: म्हणूनच संमती आधी हवी. अपाचींशी सल्लामसलत करायची होती, पण पर्यावरण अहवाल निघाला की ६० दिवसांत जमीन द्यायची हे कायद्यातच लिहिलेलं. उत्तर काहीही आलं तरी निकाल तोच. ओडिशात आदिवासींच्या पवित्र नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभा ‘नाही’ म्हणाल्या आणि बॉक्साइटची खाण थांबली.

माळरान: संमतीचं पटलं. तरी मालकी सोडवत नाही. त्याच युरोकांना ब्लू क्रीकच्या खोऱ्यातली सुमारे ४७,००० एकर जमीन २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने परत मिळाली. संवर्धन संस्थेने ती लाकूड कंपनीकडून विकत घेतली होती.

सनद: सुमारे ५.६ कोटी डॉलर मोजून! लाटलेली जमीन विकत घ्यावी लागणं हा न्याय मी मानत नाही. आणि ओक फ्लॅट कुणाकडून विकत घेणार? २०१४ मध्ये तिथला धनी सरकार होतं, आणि संसदेने गिऱ्हाईक तेव्हाच ठरवून टाकलं.