उत्तर (जानेवारी २०२४) : आर्सेनलचं यंदा, २०२३-२४ च्या हंगामात, काय होणार?

भाऊ, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या या फुटबॉल क्लबाबद्दल तुम्ही म्हणता की बचाव ढिला झालाय, लीग जिंकायचं 'यंदाबी संपलं'; हे मला काही पटंना. मान्य, वेस्ट हॅमकडून ०-२, फुलहॅमकडून १-२ अन् वर एफए कप स्पर्धेत लिव्हरपूलकडून ०-२, म्हणजे लागोपाठ तीन पराभव. वेस्ट हॅमची मॅच तर मी रात्री पावणेदोनला, हरभऱ्याला पाणी देता देता मोबाईलवर बघितली (आमच्याकडं परभणीत थ्री फेज लाईट रात्रीच येती). तीस शॉट मारले राव, अन् गोल एकबी नाही! मोटार चालू अन् पाईप फुटलेला, तसलं काम.

पण तुम्ही म्हणता तसं बचाव ढिला झालाय, असं नाही. रोग पुढच्या, गोल करणाऱ्या फळीत आहे. आपला स्ट्रायकर जेझूस पळतो लई, गोल करत नाही. ब्रेंटफर्डचा स्ट्रायकर टोनी, त्याची बेटिंगपायी लागलेली बंदी याच महिन्यात संपायलीय, पण त्याला आणायला पैसा कुठाय? मिडफिल्डर राईसला घेण्यातच शंभर मिलियन पौंड गेले.

अन् गेल्या साली १९ मॅचमध्ये ५० पॉईंट होते, तरी मार्चमध्ये आपला बचावपटू सलीबा जखमी झाला अन् सगळं घसरलं. आता २० मॅचमध्ये ४०, लिव्हरपूल पाचच पॉईंट पुढं. सलीबा धडधाकट आहे. मी तर मँचेस्टर सिटीला जास्त भितो, ते आपल्यापेक्षा एक मॅच कमी खेळलेत.