घरच्या सामाईक लॅपटॉपवर टायलिंग लावावं का?

खाडीकाठ
घर देवगडला, नोकरी पुण्यात. आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात व्हायच्या आधी शिमग्याला गेलो, तेव्हा घरच्या लिनक्स लॅपटॉपवर आय-थ्री लावलं. हा टायलिंग विंडो मॅनेजर: खिडक्या एकमेकींखाली न दडवता शेजारी किंवा टॅबमधे मांडतो, आणि सगळं कीबोर्डवरून चालतं. त्यावरून चुलतभावाशी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, टायलिंग विंडो मॅनेजर ही आपली हौस आहे, ती घरच्यांच्या कामावर लादायची नाही. मला ते पटत नाही, म्हणून इथे मांडतोय.

लॅपटॉप ४ जीबीचा, स्क्रीन १३६६ बाय ७६८. खाऱ्या हवेनं टचपॅड कधीच गेलाय. माउस आहे, पण पॅकिंगच्या टेबलावर पेंढा, खोकी आणि चिकटपट्टी यांच्यामधे तो फिरवणार कुठे? वहिनी बिलं करते ती एका खांद्याला फोन दाबून. ऑर्डर ऐकायची, दर बघायचा, बिल काढायचं, लेबल छापायचं. आधी यातली प्रत्येक खिडकी दुसरीखाली हरवायची.

आता विंडोजचं बटण आणि १ दाबलं की हिशोब, २ ला ब्राउझर, ३ ला लेबलं. प्रत्येक प्रोग्राम उघडला की आपणहून आपल्याच जागी, म्हणजे ठरलेल्या वेगळ्या पडद्यावर (वर्कस्पेसवर) जातो. आय-थ्रीच्या फाइलीत त्यासाठी एकेक ओळ पुरते. खालच्या पट्टीवर जागांची नावं मराठीत आहेत. त्यातली एक खुबी सांगतो: नावाची सुरुवात इंग्रजी अंकानेच करावी लागते, देवनागरी १ ला आय-थ्री आकडा धरत नाही. म्हणून इंग्रजी एक, मग कोलन, मग ‘१ हिशोब’ असं लिहायचं आणि पट्टीला सुरुवातीचा इंग्रजी आकडा लपवायला सांगायचं. दिसायला ‘१ हिशोब’ एवढंच दिसतं.

माझ्या मते कस्टमायझेशन ते हेच. गॅप, ब्लर, रंग नव्हेत. वापरणाऱ्याच्या हाताच्या सवयी बघून मशीन तिच्या मापाचं करणं.

पडवी
दादा, काम मनापासून केलंत हे दिसतंय, तरी मी तुमच्या चुलतभावाच्या बाजूने. माझं गुहागरला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी स्वतः घरी आय-थ्रीच वापरतो. तीन वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात दुकानातल्या एका मशीनवरही लावलं. दुपारी जेवायला घरी गेलो. कामाला असलेल्या मुलीने चुकून रिकाम्या जागेवर उडी मारली. समोर काळा पडदा, ना मेनू ना आयकॉन. तिला वाटलं मशीन बंद पडलं, तिने पॉवरचं बटण दाबून धरलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा वारसनोंदीचा अर्ज, दीड पान टाइप झालेला, गेला. ते सकाळच्या एसटीने आले होते. मुलीची चूक नव्हती, माझी होती.

सामाईक मशीनला एक गुण हवाच: शेजारचा कोणीही येऊन बसला तरी त्याला ते चालवता आलं पाहिजे. तुम्ही पुण्यात. एप्रिलमधे, ऐन घाईत काही अडलं तर वाडीतला कोणता मुलगा ती फाइल उघडून वाचणार आहे?

लाल_माती
पडवी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो कस्टमायझेशन अर्धवट राहिल्याचा आहे. रिकाम्या जागेवर कोणती बटणं दाबायची हे लिहिलेलं चित्र वॉलपेपर म्हणून लावलं असतंत, तर मुलगी घाबरली नसती.

आणि खाडीकाठ, आय-थ्रीपेक्षा डीडब्ल्यूएम घ्या, तेही टायलिंगच, पण अगदी छोटं. मी २००० ओळींच्या कोडात बसणारं काहीतरी मशीनवर असावं या मताचा आहे. सेटिंग्ज सी भाषेच्या हेडर फाइलीत, बदल केला की पुन्हा कंपाइल, म्हणजे प्रोग्राम नव्याने बनवायचा. कोणी चुकून काही बिघडवूच शकत नाही. सामाईक मशीनला याहून भक्कम काय?

खाडीकाठ
लाल_माती, पुण्याच्या मशीनवर मी डीडब्ल्यूएम वापरलंय. घरी नाही लावणार, आणि कारण मराठी आहे. डीडब्ल्यूएमची पट्टी आणि डीमेनू (नाव टाइप करून प्रोग्राम शोधायची पट्टी) एक्सएफटी नावाच्या लायब्ररीवरून अक्षरं काढतात, तिथे देवनागरीची जोडणी होत नाही. वहिनीच्या फाइली गिऱ्हाइकांच्या नावाने असतात. ‘क्षीरसागर’ मधला क्ष फुटतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. आय-थ्री त्यासाठी पँगो ही दुसरी लायब्ररी वापरतं, तिथे नाव जसंच्या तसं दिसतं. प्रोग्राम शोधायला डीमेनूच्या जागी रोफी टाकलं तेही याच कारणाने. आपली लिपी तुटलेली दिसणार असेल तर मला दोन हजार ओळींचं कौतुक नाही.

पडवी, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. विचार करतोय.

भरतीओहोटी
मी दापोलीची. एक गैरसमज दर वेळी ऐकते, तो इथे यायच्या आत सांगते: टायलिंगने जुनं मशीन उडायला लागत नाही. एक्सएफसीई (मेनू-आयकॉनवाला नेहमीसारखा हलका डेस्कटॉप) आणि आय-थ्री यांच्यात फरक पडतो तो काहीशे एमबीचा. ब्राउझरच्या चार टॅब तो खाऊन टाकतात. निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला, आमच्याकडे त्यानंतर कित्येक दिवस लाइट नव्हती. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर दिवसातून एकदा लॅपटॉप चार्ज करून पंचनाम्याचे फोटो आणि अर्ज पाठवले. तेव्हा बॅटरी वाचवली ती स्क्रीनचा उजेड कमी करून आणि ब्राउझर बंद ठेवून. विंडो मॅनेजर कोणता होता याने काहीच फरक पडला नसता.

पण टचपॅड गेलेल्या मशीनवर कीबोर्डवरून सगळं चालणं, हा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. इथल्या हवेत टचपॅड आणि यूएसबीचं भोक, दोन्हींचा भरवसा नाही.

सुरूचं_बन
मग एक्सएफसीईच का नाही? विंडोजचं बटण आणि आकडा दाबून जागा बदलणं तिथेही नेमता येतं, खिडकी अर्ध्यात चिकटवणं येतं, आणि मेनू शाबूत राहतो. शिवाय १३६६ च्या स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी लावल्यात तर प्रत्येकीला ६८३ पिक्सेल. त्यात बिलाचे रकाने मावत नाहीत. मग टायलिंगचा उपयोग काय?

खाडीकाठ
सुरूचं_बन, शेजारी शेजारी लावलेलंच नाही. नवी जागा उघडली की टॅबमधेच उघडावी असं फाइलीत लिहिलंय, एका वेळी एकच खिडकी, पूर्ण रुंदीची. आणि लेबलं आपणहून तिसऱ्या जागी जाणं एक्सएफसीईमधे बाहेरचा प्रोग्राम जोडल्याशिवाय होत नाही. वहिनीला सगळ्यात जास्त आवडलंय ते हेच.

तरी पडवींच्या पोस्टनंतर परवा रात्री तिला फोन करून विचारलं, खरं सांग, अडतं कुठे? तिने दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. एक, मराठी-इंग्रजी बदलायला आयबस (मराठी टायपिंगचा प्रोग्राम) विंडोजचं बटण आणि स्पेस मागतं, आणि आय-थ्रीने तीच जोडी तरंगत्या, म्हणजे टाइल न होणाऱ्या, खिडक्यांसाठी अडवलेली. त्यामुळे गेले दोन आठवडे ती नावं इंग्रजीत लिहितेय, मला न सांगता. दोन, भाऊ कधी बिल करायला बसला तर त्याला काहीच सुधरत नाही.

पहिलं मी फोनवरच सोडवलं. ती ओळ कुठे आहे हे सांगितलं, तिने स्वतः काढून टाकली, विंडोज, शिफ्ट आणि सी दाबून फाइल पुन्हा वाचायला लावली आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन झाली. ‘देवगड’ लिहून दाखवलं. दुसऱ्यासाठी लॉगिनच्या पडद्यावर एक्सएफसीई आहेच, ते मी काढलं नव्हतं. भावासाठी तेच.

पडवी
भावासाठी एक्सएफसीई ठेवलंत हे बरं केलंत, पण दोन आठवडे वहिनींनी सांगितलं नाही, याकडे नीट बघा. तुमच्या हातचं म्हणून त्या बोलल्या नाहीत. साधा डेस्कटॉप असता तर ‘हे चालत नाही’ म्हणून कोणालाही बोलल्या असत्या. माझं मत बदललेलं नाही.

खाडीकाठ
ते लागलं मला, आणि बरोबर आहे. मी आय-थ्री काढणार नाही, कारण परवा विचारल्यावर तीच काढू नको म्हणाली. आता दर रविवारी फोन करून काय अडलं ते विचारायचं ठरवलंय. रिकाम्या जागेसाठी लाल_मातींच्या सूचनेप्रमाणे चित्र करतोय, पाच बटणं, मोठ्या अक्षरात, मराठीत. सहावं कोणतं घालू ते वहिनीला विचारून सांगतो.