मदत हवी आहे: एफएफएमपेग सोर्सपासून बिल्ड करतोय, प्रीफिक्स कोणता ठेवू?

मंडळी नमस्कार. डेबियन लिनक्सच्या एका सामायिक मशीनवर एफएफएमपेगची (ऑडिओ-व्हिडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर) नवी आवृत्ती सोर्समधून बांधायची आहे. पुढे ओपनसीव्ही (प्रतिमांवर काम करणारी लायब्ररी) तिच्याशी लिंक करायचं असल्याने --एनेबल-शेअर्ड (शेअर्ड लायब्ररी बनवण्याचा पर्याय) लागणारच. अडलंय ते इन्स्टॉल कुठे करायचं, म्हणजे प्रीफिक्स कोणता द्यायचा, यावर.

कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) काहीच सांगितलं नाही तर सगळं /यूएसआर/लोकल मध्ये जातं. एरवी ती जागा योग्यच, डेबियनची पॅकेजेस तिथल्या फायलींना हात लावत नाहीत. पण काळजी लायब्ररींची आहे. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी शोधणारा) /यूएसआर/लोकल/लिब आधी बघतो, त्यामुळे एफएफएमपेगच्या लिबएव्हीकोडेक लायब्ररीचा सोनेम (आवृत्तीसह ओळखीचं नाव) जुळला तर एपीटीने (डेबियनचं पॅकेज-साधन) टाकलेला व्हीएलसी प्लेअरसुद्धा माझी लायब्ररी उचलेल. त्या मशीनवर इतरांचं रोजचं काम चालतं, ते बिघडता कामा नये.

म्हणून /ऑप्ट/एफएफएमपेग असा स्वतंत्र प्रीफिक्स द्यावा असं वाटतं. नको झालं की एक फोल्डर उडवला, विषय संपला. (मेक अनइन्स्टॉलसाठी सोर्सचं झाड जपून ठेवावं लागतं, ते मला पटत नाही.) बिल्डच्या वेळी ओपनसीव्हीला वाट दाखवायला पीकेजी_कॉन्फिग_पाथ हा व्हेरिएबल आहेच.

आता नेमका प्रश्न: चालवताना लायब्ररी सापडाव्यात म्हणून लिंक करतानाच आरपाथ (बायनरीतच नोंदवलेला लायब्ररींचा पत्ता) द्यावा का? एलडी.एसओ.कॉन्फ.डी (लोडरच्या सेटिंगचा फोल्डर) मध्ये ओळ टाकली तर ती सगळ्या मशीनला लागू होते, म्हणजे /ऑप्टचा फायदाच गेला. एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरला जादा फोल्डर सांगणारा व्हेरिएबल) प्रत्येकाच्या शेलमध्ये घालणं मला टाळायचंय. जीएनयू स्टो (वेगळ्या फोल्डरमधल्या फायलींच्या सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारख्या दुव्यांची, सोय करणारं साधन) वापरून /यूएसआर/लोकल मध्ये सिमलिंक करणारं कुणी आहे का? त्यात लायब्ररींची हीच अडचण येते का? ज्यांनी सामायिक मशीनवर हे सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा.